ओझरहून दिल्ली नेमकी किती दूर?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत विमानप्रवासाविषयी इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर ओझरला आहे. १९६४ मध्ये तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग व पुढे सुखोई-३० ही लढाऊ विमाने तिथे तयार झाली, त्यामुळे विमानाचा आवाज निफाड-दिंडोरीकरांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. मात्र त्याच आकाशातून आपणही दिल्ली, हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाऊ शकतो, ही सोय तुलनेने नवी आहे. साहजिकच प्रश्नही नवे आहेत, आणि ते विचारताना कोणी संकोच करू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझा मुलगा गुरुग्रामला नोकरी करतो. नाशिक ते दिल्ली हे हवाई अंतर शोधले, तर एका ठिकाणी ९९०, दुसऱ्या ठिकाणी ६१५, तिसऱ्या ठिकाणी ५३५ आणि आणखी एका ठिकाणी बाराशेच्या पुढचा आकडा मिळाला. तीस वर्षे भूगोल शिकवूनही यांतला खरा आकडा कोणता, हे मला ठरवता आले नाही.
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : बाई, आपल्याला मिळालेले चारही आकडे खरे आहेत, त्यांची मापे आणि वाटा तेवढ्या वेगळ्या आहेत. ९९० हा आकडा किलोमीटरचा आहे, ६१५ हे तेच अंतर इंग्रजी मैलांत आहे आणि ५३५ हे तेच अंतर सागरी मैलांत आहे. विमानवाहतुकीत जगभर सागरी मैल वापरतात, कारण अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतला एक भाग पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ एका सागरी मैलाएवढा, म्हणजे १,८५२ मीटरचा भरतो. नकाशावरच्या अंशांतून थेट अंतर काढण्याची ती जुनी दर्यावर्दी सोय वैमानिकांनी तशीच उचलली. बाराशेच्या पुढचा आकडा मात्र हवाई अंतराचा नसून रस्त्याचा आहे. रेल्वेने भुसावळ, इटारसी, झाशी असा वळसा पडत असल्याने ते अंतर तेराशे किलोमीटरांच्याही पुढे जाते.

आपण भूगोलाच्या शिक्षिका आहात, म्हणून हे अंतर कागद-पेन्सिलीने कसे काढता येते तेही सांगतो. ओझरचा विमानतळ २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर दिल्लीचा विमानतळ २८.५६ उत्तर आणि ७७.१० पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक ८.४४ अंश आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर दिल्ली आपल्यापेक्षा ९३७ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ३.१९ अंश आहे, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून इथे पूर्ण १११ धरता येत नाही. दोन्ही ठिकाणांचा मधला अक्षांश २४.३४ आहे, त्याच्या कोसाइनने १११ ला गुणले की एका अंशाला १०१ किलोमीटर मिळतात, म्हणजे दिल्ली ओझरपेक्षा सुमारे ३२२ किलोमीटर पूर्वेला आहे. आता पायथागोरसचे प्रमेय वापरून ९३७ आणि ३२२ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, तर उत्तर ९९० किलोमीटरांच्या आसपास येते. लांबच्या अंतराला ही रीत चालत नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा धरून गणित करावे लागते. पण देशातल्या देशात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रवासासाठी ती पुरेशी आहे आणि नववी-दहावीतल्या मुलांकडून करून घेण्यासारखी आहे.

या ९९० किलोमीटरांची रेषा नकाशावर पट्टीने ओढून पाहिली, तर ती सटाण्याच्या जवळून बागलाण ओलांडते, तापी आणि नर्मदा पार करते, मग रतलाम आणि कोटा या शहरांवरून, सवाई माधोपूरच्या जवळून दिल्लीत पोहोचते. प्रत्यक्ष विमान या रेषेला चिकटून जात नाही. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणून उड्डाणानंतर त्याला आधी वळावे लागते; पुढे आखून दिलेल्या हवाई मार्गांवरच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जावे लागते, आणि दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत जागा मिळवावी लागते. त्यामुळे विमानाने कापलेले अंतर ९९० पेक्षा नेहमी थोडे जास्तच असते. संकेतस्थळांवर दिसणारा पाच-दहा किलोमीटरांचा फरक बहुधा एवढ्यावरूनच पडतो की, कोणी विमानतळापासून मोजतो आणि कोणी शहराच्या मध्यापासून.

प्रश्न : विमान ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते असे सांगतात. मग ९९० किलोमीटरांना सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर दोन तास का लिहिलेले असतात?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : हाच प्रश्न मला स्वतःला पडला होता, म्हणून ओझरहून दिल्लीला जाताना मी एका वहीत मिनिटे टिपत गेलो. विमान जागेवरून हलले तो क्षण शून्य धरला. चाके जमिनीपासून सुटली तेव्हा नऊ मिनिटे झाली होती. दिल्लीच्या धावपट्टीला चाके टेकली ती एक तास त्रेचाळीस मिनिटांनी, आणि विमान आपल्या जागी उभे राहून पट्ट्याचा दिवा विझला तेव्हा बरोबर दोन तास झाले होते. म्हणजे आकाशात आम्ही एक तास चौतीस मिनिटे होतो आणि उरलेली सव्वीस मिनिटे जमिनीवर चाकांवरून फिरण्यात गेली, त्यांतली सतरा एकट्या दिल्लीत. चार धावपट्ट्यांच्या त्या विस्तीर्ण विमानतळावर उतरल्यानंतर विमान इतका वेळ चालत राहते की, शेजारच्या आसनावरच्या आजोबांनी मला विचारले, ‘‘आता रस्त्यानेच गुरुग्रामला सोडतात की काय?’’

तिकिटावरची वेळ ही विमान एका ठिकाणाहून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी थांबेपर्यंतची असते. जमिनीवरचा वेळ तिच्यात धरलेला असतो, हे पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते.

राहिला तो दीड तास. एअरबस ए-३२० जातीचे विमान ३५,००० फुटांवर ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीने, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. पण हा वेग त्याला फक्त प्रवासाच्या मधल्या टप्प्यात मिळतो. दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरांच्या आत ठेवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. त्या उंचीपुढेही वर चढताना विमान पूर्ण वेगात नसते. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा असतो की, दर हजार फूट उंची कमी करायला तीन सागरी मैल लागतात. ३५,००० फुटांवरून उतरायचे तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर आधी उतरायला सुरुवात करावी लागते. नाशिक-दिल्ली रेषेवर ही जागा राजस्थानात दौसाच्या आसपास येते. कान दडपू लागले आणि इंजिनांचा आवाज एकदम मंदावला की खाली दौसा जिल्हा असेल असे समजायला हरकत नाही. चढायला साधारण तेवढेच अंतर लागते. म्हणजे ९९० किलोमीटरांपैकी चारशे किलोमीटर चढण्या-उतरण्यात जातात आणि पुस्तकातला वेग उरलेल्या अंतरालाच लागू होतो.

याशिवाय विमान कंपन्या वेळापत्रक आखताना काही मिनिटे हाताशी राखून ठेवतात. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते, आणि वक्तशीरपणाचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात, त्यामुळे वेळ थोडी सैल धरण्याकडे कंपन्यांचा कल असणे स्वाभाविक आहे. विमान वेळेआधी पोहोचले असे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा पुष्कळदा ही राखीव मिनिटेच वापरावी लागलेली नसतात. डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यात मात्र ती मुळीच पुरत नाहीत. त्या दिवसांत सकाळच्या विमानाला जोडून दुपारचे महत्त्वाचे काम ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : नाशिक-हैदराबाद अंतर दिल्लीच्या जवळपास निम्मे आहे. तरीही छोट्या विमानाने दीड तासाहून अधिक लागला. असे का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ओझर ते शमशाबाद हे हवाई अंतर सुमारे ५७५ किलोमीटर आहे, म्हणजे आपला अंदाज बरोबर आहे. फरक विमानाच्या जातीचा आहे. आपण गेलात ते पंख्यांचे, एटीआर-७२ जातीचे विमान असणार. त्याचा वेग ताशी सुमारे पाचशे किलोमीटर असतो आणि ते २५,००० फुटांच्या वर जात नाही. कमी अंतरावर त्याला इंधन बरेच कमी लागते, प्रवासीही सत्तर-अठ्ठ्याहत्तरच लागतात, म्हणून आपल्यासारख्या मध्यम शहरांना ते परवडते. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरांच्या किंवा तासाभराच्या उड्डाणासाठी काही आसनांना २,५०० रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा डोळ्यांसमोर अशीच विमाने होती. जेट विमानाने याच प्रवासाची वीस-पंचवीस मिनिटे वाचतील, एवढेच. शिवाय ही सरळ रेषा बीड आणि लातूर या दोन्ही शहरांवरून जाते आणि बिदरच्या जवळून पुढे तेलंगणात शिरते. कमी उंचीमुळे मराठवाड्याची शेते आणि बालाघाटचे डोंगर या विमानातून जितके स्वच्छ दिसतात तितके जेटमधून दिसत नाहीत.

प्रश्न : मुंबईहून कोलकात्याला जाताना लागलेला वेळ आणि परत येताना लागलेला वेळ यांत बरीच तफावत होती. अंतर तर तेच आहे. वारा एका बाजूला वेळ वाचवतो आणि दुसऱ्या बाजूला घालवतो, म्हणजे शेवटी हिशेब सारखाच होत असेल ना?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते आधी आकड्यांत पाहू. समजा अंतर १,००० किलोमीटर आहे आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० आहे. वारा मुळीच नसेल तर जायला ७२ मिनिटे आणि यायला ७२ मिनिटे, मिळून सुमारे १४५ मिनिटे लागतील. आता पश्चिमेकडून ताशी १५० किलोमीटरांचा वारा वाहतो असे धरा. पूर्वेला जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९८० होतो आणि ६१ मिनिटे लागतात. परत येताना वेग ६८० उरतो आणि ८८ मिनिटे लागतात. बेरीज १४९ मिनिटे होते, म्हणजे साडेचार-पाच मिनिटांचा तोटा झालाच. कारण उघड आहे : मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान कमी वेळ असते आणि अडवणाऱ्या वाऱ्यात जास्त वेळ असते. गोदावरीला भरपूर पाणी असताना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माणसाचा हिशेबही असाच निघतो.

मुंबई ते कोलकाता हे अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे आणि दिशा जवळजवळ सरळ पूर्वेची आहे, म्हणून तिथे वाऱ्याचा परिणाम ठळक दिसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या वर सहज जातो. पावसाळ्यात हे झोतवारे हिमालयाच्या उत्तरेला सरकतात आणि दक्षिण भारतावर उलट्या दिशेचे, पूर्वेकडून येणारे झोतवारे सुरू होतात. म्हणूनच एकाच मार्गाची हिवाळ्यातली आणि पावसाळ्यातली वेळ वेगवेगळी असू शकते. ओझर-दिल्ली प्रवास मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने वारा बाजूने लागतो आणि जाण्या-येण्यातला फरक थोडका असतो.

वाऱ्यासाठी मुद्दाम लांबची वाट धरल्याचे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ पासून दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना अटलांटिकवरचा मार्ग सोडून पॅसिफिक महासागरावरून विमान नेण्यास सुरुवात केली. त्यामुळे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीमागून मिळणाऱ्या वाऱ्यामुळे वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. अंतर आणि वेळ यांचे नाते सरळ त्रैराशिकाचे नसते, हे यावरून लक्षात यावे.

प्रश्न : मुंबईहून न्यूयॉर्कला मुलीकडे जाताना समोरच्या पडद्यावर विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला चाललेले दिसत होते. वैमानिक एवढा वळसा का घेतात? मी रात्रभर काळजीत होते.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, तो वळसा नव्हता, वळसा वाटतो तो नकाशामुळे. आमच्या घरी भाच्यासाठी आणलेला शाळेचा पृथ्वीगोल आहे. मी त्यावर मुंबईला एक टाचणी धरली, न्यूयॉर्कला दुसरी धरली आणि मध्ये शिवणाचा दोरा ताणला. दोरा आधी अरबस्तानावरून लावला होता, पण जरा ताण देताच तो आपोआप वर घसरू लागला आणि थांबला तेव्हा तो फिनलंड, नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून गेलेला होता. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. भाच्याला ते इतके आवडले की, त्याने मग ओझरपासून जगभर दोरे ताणले.

या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. तिच्यावरून मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली, सौदी अरेबिया आणि उत्तर आफ्रिकेवरून जाणारी रेषा दिसायला सरळ असते, पण गोलावर मोजली तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर होते. सतराशे किलोमीटरांचा हा फरक म्हणजे दोन तासांचे उड्डाण आहे.

कधीकधी मात्र खराखुरा वळसाही घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यापर्यंत, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दोन्ही वेळी दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना आधी नैर्ऋत्येला अरबी समुद्राकडे यावे लागले. दोन विमानतळांमधले अंतर एका मीटरनेही बदलले नव्हते, तरी प्रवास लांबला.

प्रश्न : भाऊ दुबईला कामाला आहे. त्याच्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ दुपारी ४.३० आणि पोहोचण्याची संध्याकाळी ६.१५ आहे. परतीला रात्री १० ला निघून पहाटे २.४५ ला पोहोचतो. जाताना पावणेदोन तास आणि येताना पावणेपाच तास?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : विमानाच्या तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पोहोचण्याच्या ६.१५ मध्ये दीड तास मिळवला तर आपल्या घड्याळात ७.४५ होतात, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा आहे. परतीच्या पावणेपाच तासांतून दीड तास वजा करा, पुन्हा सव्वातीन तासच उरतील. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. भावाला आणायला जाताना तारीख तेवढी जपून पाहा : रात्री दहाला निघालेले विमान कॅलेंडरवरच्या दुसऱ्या दिवशी उतरते, आणि चुकीच्या रात्री विमानतळावर जाऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : सातपूरला माझा छोटा कारखाना आहे. बेंगळुरूला महिन्यातून एकदा जावे लागते. मुंबईहून विमाने भरपूर आहेत, तिकीटही कधीकधी स्वस्त मिळते. ओझरहून जाणे खरोखर फायद्याचे आहे का?
– एक उद्योजक, सातपूर

उत्तर : माझे स्पष्ट मत ओझरच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण आकाशात नसून जमिनीवर आहे. ओझर ते बेंगळुरू हवाई अंतर सुमारे ८६५ किलोमीटर आहे, मुंबईहूनही ते फार वेगळे नाही. विमानातला वेळ दोन्हीकडून पावणेदोन ते दोन तासांचाच असतो. पण सातपूरहून ओझरला जायला पाऊण-एक तास लागतो, विमानतळ आटोपशीर असल्याने दीड तास आधी पोहोचले तरी धावपळ होत नाही, म्हणजे घराचे दार ओढल्यापासून बेंगळुरूच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत साडेचार-पाच तास धरावेत. मुंबईहून जायचे तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे कसारा घाट टळतो हे खरे, पण पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तशीच आहे. साडेतीन-चार तास रस्त्यात, दोन तास विमानतळावर आणि मग उड्डाण, असे एकूण आठ तास होतात. तिकिटात वाचलेल्या हजार रुपयांतून गाडीचे डिझेल, टोल आणि चालकाचा दिवस वजा करून पाहावा.

दोन ठिकाणी मात्र मुंबई बरी. एक म्हणजे, ओझरहून एखाद्या शहराला दिवसातून एकच विमान असेल आणि काम टाळण्यासारखे नसेल, तर ते विमान रद्द झाल्यावर दुसरा पर्याय उरत नाही. दुसरे म्हणजे परदेशप्रवास. ओझरहून दिल्ली किंवा बेंगळुरू गाठून पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने यात बरीच रक्कम गमावली आहे. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून निघू नये. बीओएम ही अक्षरे सांताक्रूझ-अंधेरीच्या जुन्या विमानतळाची आणि एनएमआय ही नव्याची. चेक-इनचा काउंटर बहुधा उड्डाणाच्या एक तास आधी आणि गेट पंचवीस मिनिटे आधी बंद होते, हेही हिशेबात धरावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्यांनी अनेक वर्षे वारी केली. आता चालणे होत नाही. येत्या हिवाळ्यात त्यांना विमानाने बेंगळुरूला नातवाकडे नेणार आहोत. ‘विमान पंढरपुरावरून जातं का गं?’ असे त्या रोज विचारतात. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : त्यांना ‘हो’ म्हणून सांगा. आपले पत्र आल्यावर मी नकाशा काढून बसलो आणि ओझर-बेंगळुरू रेषा ओढली, तर ती पंढरपूरच्या पश्चिमेला अवघ्या सात-आठ किलोमीटरांवरून जाते आणि पुढे विजयपूर शहरावरून कर्नाटकात उतरते. वारा, ढग आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना यांप्रमाणे विमान काही किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकते, पण पस्तीस हजार फुटांवरून एवढे अंतर फार नसते. ओझर ते पंढरपूर सरळ रेषेत सुमारे ३०५ किलोमीटर भरते. पालखीला ज्येष्ठ पौर्णिमेपासून तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागतात. विमानाला अर्धा तास लागेल.

हिवाळ्यातले सकाळचे विमान मिळाले तर हवा बहुधा स्वच्छ असते. विमान दक्षिणेकडे तोंड करून जात असल्याने पंढरपूर डाव्या हाताला येईल, म्हणून आसन निवडताना ‘ए’ अक्षराचे, पंखाच्या बरेच पुढचे किंवा अगदी मागचे आसन घ्या, म्हणजे पंख आड येणार नाही. उड्डाणानंतर पंचवीस मिनिटे झाली की त्यांना खिडकीशी तयार ठेवा. आधी उजनी धरणाचे फुगलेले, बोटांसारखे पसरलेले पाणी दिसेल; ते फार मोठे आहे, चुकणार नाही. तिथून भीमा नदीची रेघ धरायची आणि नजर नदीबरोबर पुढे न्यायची. तीन-चार मिनिटांत नदी चंद्रकोरीसारखी वळलेली दिसेल, आणि त्या वळणाला बिलगलेले गाव म्हणजे पंढरपूर.